डिक्सिटचे ८४ पत्ते मराठीच्या तासाला: मुलांकडून रूपक लिहून घ्यायला कितपत कामाचे?

दहावीपर्यंत पोचलेल्या मुलाला उपमेय (ज्याची तुलना करायची ते) कोणतं, उपमान (ज्याच्याशी करायची ते) कोणतं हे बऱ्यापैकी ओळखता येतं. ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ दिसलं की उत्प्रेक्षा, ‘सम’, ‘परी’, ‘वाणी’ दिसलं की उपमा, एवढं पाठ असतं. तेच मूल आईवर निबंध लिहायला बसलं की ‘आई म्हणजे मायेचा सागर’ लिहून मोकळं होतं. सागर त्यानं पाहिलेला नसतो. परभणी-हिंगोलीहून समुद्र कुठल्याही दिशेनं लांबच. अलंकार ओळखायला शिकवला जातो, घडवायला शिकवला जात नाही. ही उणीव भरून काढायला बाजारात जे काही मिळतं, त्यात डिक्सिट हा पत्त्यांचा खेळ सगळ्यात उपयोगी आहे. मात्र तो वर्गात जसाच्या तसा चालत नाही. शिवाय त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट चित्रं नाहीत, गुण देण्याचा नियम आहे.

डिक्सिट २००८ साली फ्रान्समधल्या लिबेलुद या प्रकाशनानं काढला आणि २०१० साली त्याला ‘श्पील देस यारेस’ हा जर्मनीतला मानाचा खेळ-पुरस्कार मिळाला. डब्यात ८४ मोठे चित्रपत्ते असतात. पत्त्यावर एक अक्षरही नसतं आणि आपल्याकडच्या शाळांसाठी हे फार सोयीचं आहे. एकाच वर्गात घरी मराठी बोलणारी, दखनी बोलणारी आणि तांड्यावरून येणारी गोरमाटी बोलणारी मुलं असतात. चित्र बघून प्रत्येकाला आधी आपल्या घरच्या शब्दांत विचार करता येतो, मराठी वाक्य नंतर येतं.

मूळ खेळ असा. प्रत्येकाच्या हातात सहा पत्ते. ज्याची पाळी आहे तो आपला एक पत्ता मनात धरतो, न दाखवता त्यावरून एक शब्द किंवा वाक्य बोलतो आणि पत्ता उलटा ठेवतो. बाकीचे आपापल्या हातातून त्या वाक्याला जुळेल असा एकेक पत्ता उलटा देतात. सगळे पिसून ओळीनं मांडायचे आणि पाळीवाल्याचा पत्ता कोणता ते ओळखायचं. आता नियम बघा. सगळ्यांनी ओळखला तर पाळीवाल्याला शून्य. कुणीच ओळखला नाही तरी शून्य. दोन्ही वेळा बाकीच्यांना दोन-दोन गुण. काहींनी ओळखला आणि काहींनी नाही, तर पाळीवाल्याला तीन आणि ओळखणाऱ्यांना तीन-तीन. आपल्या पत्त्यावर दुसऱ्यानं चुकून मत दिलं, तर प्रत्येक मताला वर एक गुण.

रूपक चांगलं जमलं की फसलं हे मुलांना समजावताना शिक्षकाची निम्मी ताकद खर्च होते. ‘फार सरळ झालं’, ‘काही कळत नाही’ असे शेरे वहीत पडतात आणि मुलांना त्यातून काहीच हाती लागत नाही. इथे तो शेरा पाच मुलांची मतं देतात, तिथल्या तिथे. उघडं बोललास, शून्य. फार झाकलंस, शून्य. लिहिणाऱ्याला वाचकाची जाणीव करून देणारा इतका साधा नियम दुसऱ्या कुठल्या शैक्षणिक साहित्यात सापडत नाही.

आता अडचणी. पहिली संख्येची. जुनी आवृत्ती ३ ते ६ जणांसाठी आहे, नवी ३ ते ८ जणांसाठी, आणि वर्गात छत्तीस मुलं. सहा-सहांचे सहा गट केले तर गटाला चौदाच पत्ते येतात, म्हणजे हातात दोन. दोन पत्त्यांत निवड ती काय करणार? मुलं हाताला लागेल तो टाकतात आणि खेळ मरतो. जोड्यांचा तोडगा चांगला चालतो. छत्तीस मुलांच्या अठरा जोड्या, सहा जोड्यांचा एक असे तीन गट, गटाला २८ पत्ते. जोडीला चार द्यायचे, चार गठ्ठ्यात उरतात. डाव झाला की खेळलेले सहा त्या चारात मिसळून पुन्हा एकेक वाटायचा, नाहीतर दुसऱ्याच डावाला गठ्ठा संपतो. जोडीचा आणखी एक फायदा आहे. मुलं एकमेकांशी कुजबुजत ‘हा कशावरून? तो कशावरून?’ करतात आणि साधर्म्याचा, म्हणजे दोन गोष्टींतल्या सारखेपणाचा, शोध नेमका तिथंच लागतो. एकटं मूल मनातल्या मनात पहिल्या विचारावर थांबतं.

मत देण्यासाठी डब्यात खुणा असतात, पण त्या लागत नाहीत. मांडलेल्या पत्त्यांखाली खडूनं १ ते ६ आकडे घाला. प्रत्येक जोडीनं पाटीवर आकडा लिहायचा, पाटी छातीशी धरायची आणि ‘दाखवा’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम फिरवायची. हात वर करून मत घेतलं की वर्गातल्या हुशार मुलाकडे बघून बाकीचे हात वर जातात. मग सगळ्यांनीच ओळखलं असं दिसतं आणि चांगल्या ओळीलाही शून्य मिळतं. गुणांना चिंचोके पुरेत.

दुसरी अडचण नियमातल्या पळवाटेची आहे. मूल मित्राकडे बघून म्हणतं, ‘परवा मामाच्या शेतात’. मित्र ओळखतो, बाकी कुणी ओळखत नाही. नियमाप्रमाणे तीन गुण! पण यात रूपक कुठे आहे? ती खासगी खूण झाली. घरी खेळताना गंमत म्हणून ठीक, मराठीच्या तासाला ही पळवाट बुजवावीच लागते, नाहीतर दोन डावांत सगळा वर्ग तिकडे वळतो.

बुजवायची अशी. फळ्यावर बारा-पंधरा विषय आधीच लिहून ठेवा: वाट पाहणं, उधारी, परीक्षा, खोटं बोलणं, राग, घराची आठवण, पहिला पाऊस, भीती, पाहुणे, भांडण मिटणं. वस्तूंची नावं शक्यतो नकोत, हाताला न लागणाऱ्या गोष्टी हव्यात. पाळीच्या जोडीनं यातला एक विषय घ्यायचा आणि त्याच्यापुढे एकच गुणधर्म सांगायचा. पत्त्यात दिसणाऱ्या वस्तूचं नाव घ्यायचं नाही. म्हणजे उपमेय उघडं, साधर्म्य उघडं, उपमान झाकलेलं. हे करायला मुलांना वेळ लागत नाही, कारण याचं उलटं रूप त्यांनी घरी ऐकलेलं असतं. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ या कोड्यात उपमानं उघडी असतात, दात आणि जीभ झाकलेले. तासाची सुरुवात अशा दोन-तीन कोड्यांनी करा आणि मग म्हणा, आता उलटं करू.

एक नमुना घेऊ. समजा, पत्त्यावर बाभूळ आहे आणि जोडीनं ‘उधारी’ निवडली. ‘उधारी: हिला काटे असतात’ असं म्हटलं तर झाडाकडे बोट दाखवल्यासारखंच झालं, पाचही पाट्यांवर तोच आकडा येतो. ‘उधारी: हिरवी असते’ म्हटलं तर हिरवं काहीही असू शकतं, आणि उधारी हिरवी का याचं उत्तर जोडीकडेही नसतं. ‘उधारी: सावली देते, पण खाली बसू देत नाही’. इथे थांबावं लागतं. कुणी बाभळीवर मत देतं, कुणी पडक्या भिंतीवर, कुणी मोठ्या कुत्र्याच्या चित्रावर. तीन गुण. तीनही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि गुण का असे पडले ते मुलांनाच विचारा. पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा या पाच मिनिटांत जास्त शिकून होतं.

ओळखून झालं तरी डाव संपवू नका. मांडलेले सहाही पत्ते ‘उधारी’साठीच निवडलेले असतात. प्रत्येक जोडीनं आपला पत्ता का टाकला हे एका वाक्यात सांगायचं. ज्याच्या पत्त्यावर एकही मत पडलं नाही, त्याच्याकडेच पुष्कळदा सगळ्यात ताजं साधर्म्य निघतं. एका विषयाला सहा उपमानं जमतात आणि लिहायला बसताना कुणाचाही हात रिकामा राहत नाही.

आता चित्रांबद्दल. ती सुंदर आहेत यात शंका नाही. रंग गाढ, पत्ते जाड. सतरंजीवर मांडले तर पंख्याच्या वाऱ्यानं उडत नाहीत. पण लेखनासाठी त्यांत एक खोट आहे. चित्रं स्वप्नासारखी आहेत, दोन न जुळणाऱ्या गोष्टी चित्रकारानं आधीच जुळवून ठेवल्या आहेत. म्हणजे रूपक घडवायचं काम चित्रातच उरकलेलं असतं. मूल मग समोर दिसतं ते लिहीत जातं: ‘एक माणूस आहे, त्याच्या हातात अमुक आहे, आकाशात तमुक आहे.’ हे चित्रवर्णन झालं, आणि ते प्राथमिकमध्ये इतकं करून घेतलेलं असतं की हात आपोआप तिकडेच वळतो. म्हणून लेखन सुरू होण्याआधी पत्ते गोळा करून डब्यात ठेवून द्या. पत्ता समोर असताना लिहायला सांगितलं की तास वाया गेलाच म्हणून समजा.

शिवाय चित्रांतलं जग युरोपातलं आहे. मुलांना ते अवघड जातं असं नाही, उलट आवडतं. अडचण पुढे येते. उपमानाच्या जगातले दहा शब्द मुलाला माहीत असतील तरच रूपक लांबवता येतं. बर्फाळ डोंगर आणि किल्ल्याचे मनोरे यांच्याबद्दल त्याला दोन-तीन शब्दांपलीकडे काही सांगता येत नाही. बाभळीबद्दल तोच मुलगा काटा, शेंगा, डिंक, सरपण, शेळ्या, बांध असे शब्द श्वास न घेता सांगतो. त्यामुळे आमचा सल्ला असा की डिक्सिटचा नियम घ्या, पहिले एक-दोन तास त्याचे पत्ते वापरून तो अंगवळणी पाडा आणि नंतर मुलांकडून स्वतःचे पत्ते करून घ्या.

पत्ते करायला २२ × २८ इंची पांढरी कार्डशीट घ्या. ८ सेंटिमीटरला किंचित कमी रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच पत्ता धरला तर एका शीटमधून आडवे सात, उभे पाच, असे पस्तीस निघतात. ८४ साठी तीन शीट पुरतात, वर एकवीस उरतात, ते फुकट गेलेल्या चित्रांच्या जागी. साधा ड्रॉइंग कागद घेऊ नका. स्केचपेनचा रंग मागं उमटतो आणि पत्ता उलटा ठेवला तरी कुणाचा ते कळतं, मग मत देण्यात अर्थच उरत नाही. पातळ पत्ते पंख्याखाली उडतात ते वेगळंच. तेलखडू हाताला लागतो आणि शेजारच्या पत्त्यावर पुसला जातो. रंगीत पेन्सिल सगळ्यात बरी. लॅमिनेशन केलं तर टिकतात खरे, पण ट्यूबलाइटखाली चकाकतात आणि गोल बसलेल्या निम्म्या मुलांना चित्र दिसत नाही. कडांना पारदर्शक चिकटपट्टी लावली तरी काम भागतं.

काय काढायचं, हे ठरवताना नियम एकच ठेवा: एका पत्त्यावर एकच वस्तू, नेहमीच्या जागेवर. हापसा, माळवदाचं घर, दाराला लागलेलं कुलूप, कडब्याची गंजी, फुटलेलं कापसाचं बोंड, पऱ्हाटी उपटलेलं रान, बारव, टँकरमागची घागरींची रांग, हुरड्याची आगटी, ऊस भरलेली गाडी, पळस, पार, वेस, बंद पडलेली पिठाची गिरणी. साध्या वस्तूचं चित्र रूपकाला जास्त जागा देतं, कारण जुळवणी मुलाला स्वतः करावी लागते.

पत्ते निवडताना एका बाबतीत फार जपा. दोरखंड, औषधाची बाटली, रिकामं औत अशा चित्रांवरून एखाद्या मुलाच्या घरात घडलेलं दुःख भर वर्गात उघडं पडू शकतं. मराठवाड्यातल्या शाळेत ही शक्यता दूरची नाही. असे पत्ते आधीच बाजूला काढा. डिक्सिटमधलीही काही चित्रं अंधारी आहेत, वर्गात नेण्याआधी ८४ च्या ८४ पत्ते एकदा नजरेखालून घाला. आणि कुणी ‘मला या विषयावर नको’ म्हटलं तर कारण न विचारता दुसरा विषय द्या.

लेखनाकडे येऊ, कारण खेळात मुलं रमतात आणि लेखन राहून जातं ही या साहित्याची सर्वांत मोठी भीती आहे. चाळीस मिनिटांचे दोन तास जोडून घेतले तर हिशेब असा बसतो: दहा मिनिटं कोडी आणि नियम, तीस मिनिटांत तीन डाव, पाच मिनिटं शब्दयादी, वीस मिनिटं लेखन, पंधरा मिनिटं वाचन. एकाच तासात उरकायला गेलात तर लेखनाच्या तोंडावर घंटा होते. मार्चनंतर सकाळची शाळा सुरू झाली की तास आणखी आखूड होतात. तेव्हा खेळ आज आणि लेखन उद्या असं करा, शब्दयादी मात्र आजच वहीत उतरवून घ्या.

शब्दयादी हा कणा आहे. निवडलेल्या उपमानाच्या जगातले किमान सहा शब्द लिहायचे आणि परिच्छेदात त्यातले चार तरी आले पाहिजेत. दुसऱ्या जगातला एकही नको. हे बंधन नसेल तर मुलाचा राग पहिल्या वाक्यात पेटतो, दुसऱ्यात पुरासारखा वाहतो आणि तिसऱ्यात काट्यासारखा टोचतो. एका जगात टिकून राहणं म्हणजे काय, हे पैठणच्या एकनाथांच्या विंचवाच्या भारुडातून दाखवता येतं. काम-क्रोधाचा विंचू डसतो, घाम फुटतो, वेदना चढते, उतारा विचारला जातो, आणि सत्त्वगुणसुद्धा अंगारा होऊनच येतो. मुलांनी ते गॅदरिंगला पाहिलेलं असतं.

‘वाट पाहणं’ आणि हापसा यांची जोडी धरून शब्द काढले: दांडा, खडखडाट, धाप, गढूळ चूळ, धार, रांग, घागर. त्यावरून परिच्छेद असा होऊ शकतो: ‘वाट पाहणं म्हणजे हापसा. दांडा खाली-वर करत राहायचं. आधी नुसता खडखडाट येतो, मग हवा. मागच्या घागरी विचारतात, आलं का? आपल्याला धाप लागलेली असते. मग एक गढूळ चूळ पडते आणि वाटतं, हेच होतं का? दांडा सोडून जाणाऱ्याला कधी कळत नाही की पुढच्या चार हिसक्यांत स्वच्छ धार लागणार होती.’ सहावी-सातवीच्या मुलांना असा नमुना एकदाच वाचून दाखवा आणि फळ्यावर ठेवू नका, नाहीतर सगळ्या वह्यांत हापसेच हापसे.

ज्यांना हे सहज जमतं त्यांना तीन पायऱ्या द्या. ‘आजोबा राखेखालच्या निखाऱ्यासारखे आहेत’ ही पहिली. ‘आजोबा म्हणजे राखेखालचा निखारा’ ही दुसरी. तिसरीत आजोबा हा शब्दच गाळायचा: ‘निखारा दिवसभर ओट्यावर बसून असतो. कुणी जुन्या गोष्टीची फुंकर घातली की लाल होतो.’ आठवी-नववीतली मुलं तिसऱ्या पायरीवर पोचली की त्यांच्या लिहिण्यात एकदम जोर येतो.

फळ्याच्या कोपऱ्यात बंदी-यादीही हवी: चंद्र, फूल, सागर, मोती, दिवा, देवता. हे शब्द वाईट नाहीत, पण ते आले की मूल विचार करणं थांबवतं. तपासताना पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका. साधर्म्य कळतंय का, एकाच जगात राहिलंय का, आणि एखादी गोष्ट तरी नवी दिसली का, एवढंच बघा. लाल खुणा दुसऱ्या खर्ड्यावर.

स्टोरी क्यूब्ज या फाशांच्या संचाशी तुलना होतेच. नऊ फासे, प्रत्येकाच्या सहा बाजू, म्हणजे ५४ चित्रं. लहान डबी, खिशात मावते. गोष्टीचा धागा पुढे नेण्यासाठी उत्तम. रूपकासाठी मात्र चित्रं फारच चिन्हांसारखी आहेत. चावी दिसली की ‘उत्तर’ आणि विषय संपला. तिसरी-चौथीला गोष्टी रचायला तेच घ्या. डिक्सिटवर वय आठच्या पुढे असं असलं तरी रूपकाचं हे काम पाचवीपासून सुरू करावं, रंगतं ते सातवी ते नववीत.

दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांत ऊसतोडीला गेलेल्या घरांमुळे पट एकदम खाली येतो. अठरा जोड्यांच्या अकरा झाल्या तर सहा आणि पाच असे दोनच गट करा, हातात पाच-पाच पत्ते येतील आणि खेळ उलट जास्त खुलेल. गेलेल्या मुलांनी काढलेले पत्ते गठ्ठ्यातून काढू नका. ती परत येतील तेव्हा आपल्या चित्रावर वर्गानं काय काय लिहिलं, हे त्यांना वाचायला मिळालं पाहिजे.

किंमत हजारांत जाते, त्यामुळे प्रत्येक शाळेनं डिक्सिट विकत घ्यावा असं म्हणता येत नाही आणि गरजही नाही. एका केंद्रात येणाऱ्या आसपासच्या शाळांनी मिळून एक संच घ्यावा, केंद्रशाळेत ठेवावा आणि केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेला त्याची देवाणघेवाण करावी. परत देताना पत्ते मोजून घ्या. दोन-चार हरवले तरी बिघडत नाही, इथे एकमेकांशी जुळणारे पत्ते नसतात. कोपरा दुमडलेला पत्ता मात्र काढून टाका, कारण तो उलटा ठेवला तरी ओळखू येतो. ज्या शाळेला तेही जमणार नाही, तिनं तीन कार्डशीट, एक कात्री आणि गुणांचा तो नियम एवढ्यावर येत्या आठवड्यात सुरुवात करावी.